तरुणपणीची पॉप गाणी परत मिळवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्याकडे ९० मिनिटांची एक कॅसेट आहे. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याच्याच माइकवर भरलेली. पहिल्या बाजूवर ॲबा या स्वीडिश बँडचं एक गाणं संपतासंपता कुणीतरी खोकतं. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत कुणी हूं की चूं करायचं नाही असा दंडक होता, तरी तो खोकला झालाच आणि कायमचा टेपवर बसला. आज तेच गाणं फोनवर स्वच्छ, खणखणीत लागतं, तेव्हाही शेवटाला माझा कान त्या खोकल्याची वाट बघतो. तो येत नाही आणि गाणं अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

जुनी गाणी आता बहुतेक सगळी मिळतात, दोन-चार बोटं फिरवली की पुरे. आपल्याला हवं असतं ते आपण ऐकलेलं गाणं: तीच आवृत्ती, तोच क्रम, जमलं तर तीच खरखर. ते मिळवायला वेळ लागतो आणि थोडी शिस्त लागते. मी हे काम गेली काही वर्षं आवडीने करतो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला जे आधीच कुणीतरी सांगायला हवं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी कागद, मग फोन

पहिल्या दिवशी एकही गाणं लावू नका. वही घ्या आणि आठवेल ते लिहा. गाण्याचं नाव आठवत नसेल तर सुरुवातीचं वाद्य लिहा, अर्धी ओळ लिहा, व्हिडिओतला एखादा प्रसंग लिहा. शब्द चुकीचे ऐकले असतील तर ते तसेच चुकीचे लिहा. परक्या भाषेतल्या गाण्यांचे शब्द आपण सगळ्यांनीच कानाला येतील तसे म्हटले आहेत, आणि पुढे शोधताना तोच चुकीचा उच्चार कामाला येतो. कॅसेट कुणाकडून आणली होती, परत केली का, कुणासोबत ऐकायचो, हेही लिहा.

इतका आग्रह का, तर एकदा ॲप उघडलं की ते सुचवायला लागतं. ते जी गाणी पुढे करतं ती त्या काळातली सगळ्यांत जास्त वाजलेली दहा-वीस गाणी असतात. ती ऐकता ऐकता आपल्यालाही वाटायला लागतं की आपणही हीच ऐकत होतो. दुसऱ्या बाजूवरचं चौथं गाणं, जे फक्त तुम्हाला आणि तुमच्या एका मैत्रिणीला आवडायचं, ते मागे पडतं. माझ्या मते हा तोटा भरून निघत नाही, म्हणून कागद आधी.

काहीच आठवत नसेल तर एक साधं गणित करा. जन्मसालात १२ मिळवा आणि २५ मिळवा. १९७० चा जन्म असेल तर १९८२ ते १९९५. तुमची बहुतेक गाणी याच पट्ट्यात सापडतील. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अभ्यासकांनी १९८९ साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली, तेव्हा लोकांची पसंती साधारण चोविशीत ऐकलेल्या गाण्यांवर सर्वांत जास्त असल्याचं दिसलं. मग दुसरा पट्टा काढा: तुमच्या आईवडिलांच्या तरुणपणाचा. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ च्या अभ्यासात विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटली होती. घरात वाजतं ते आपलं होतंच. तो पट्टा वहीत वेगळ्या पानावर लिहा.

नाव न आठवणारं गाणं

यासाठी दोन वेगळी साधनं आहेत आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात.

शझॅमसारखं ॲप गाण्याच्या ध्वनीचा ठसा काढतं. कोणत्या क्षणी कोणती कंपनं सर्वांत ठळक आहेत याचा एक नकाशा बनवतं आणि साठवलेल्या नकाशांशी ताडून पाहतं. म्हणून ते नेमकं तेच ध्वनिमुद्रण ओळखतं. हातात जुनी कॅसेट आहे, वेष्टन हरवलं आहे, तर हे साधन अचूक. पण तुम्ही स्वतः गुणगुणलात तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. गुणगुणून शोधण्याची सोय गूगलने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आणली. तिथे वाद्यं आणि आवाज बाजूला ठेवून फक्त चालीचा चढउतार पाहिला जातो. दहा-पंधरा सेकंद शब्दांशिवाय, 'ना ना ना' करत, एका लयीत गुणगुणा. ध्रुवपद घ्या, कडवं नको. पहिल्या वेळी नाही सापडलं तर गाण्याचा दुसरा तुकडा घेऊन बघा.

दोन्ही फसलं तर माणसांना विचारा. त्या काळी तुमच्याबरोबर ऐकणाऱ्यांपैकी एकाला तरी ते नाव आठवत असतं.

नेमकी आवृत्ती

बहुतेकांचा हिरमोड होतो तो इथे. गाणं सापडतं, लावलं जातं, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, वय झालं, आता तेवढी मजा येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. कित्येकदा ते गाणं खरोखरच वेगळं असतं.

आ-हा या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' घ्या. १९८४ साली ते पहिल्यांदा आलं तेव्हा फार चाललं नाही. मग निर्माता बदलून ते पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, पेन्सिलच्या रेखाटनांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ आला आणि १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं एक, ध्वनिमुद्रणं दोन. तुमच्या आठवणीत बहुधा दुसरं आहे. पहिलं लागलं तर कान बिचकणारच.

एकाच गाण्याच्या आवृत्त्या साधारण अशा कारणांनी होतात. पहिलं, लांबी. रेडिओसाठी आणि लहान तबकडीसाठी गाणं तीन-चार मिनिटांत बसवायचे. अल्बमवर तेच लांब असायचं. नाचाच्या मजलिशीसाठी मोठ्या तबकडीवर सहा-सात मिनिटांचं वाढवलेलं रूप निघायचं, ज्यात मधेच दीड मिनिट नुसता ढोल आणि बास असे. त्यात व्हिडिओचं रूप आणखी निराळं.

दुसरं कारण पुनर्ध्वनिमुद्रण. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे असते, म्हणून कलाकार वर्षांनंतर स्वतःचीच गाणी पुन्हा गातात. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले जुने अल्बम असेच पुन्हा काढले आणि तसं नावातच स्पष्ट लिहिलं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक गायकांची उतारवयातली पुनर्ध्वनिमुद्रणं 'सर्वोत्तम गाणी' अशा नावाखाली गुपचूप भरलेली असतात. आवाज जरा जाड, ढोल जरा यांत्रिक, पाठीमागचा कोरस वेगळाच. असं वाटलं की तुमचा संशय बहुतेक वेळा खरा असतो.

तिसरं, नव्याने केलेलं मास्टरिंग, म्हणजे गाणं बाजारात जाण्याआधी त्याच्या आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. नव्वदच्या दशकापासून पुढे गाणी अधिकाधिक मोठ्या आवाजात ऐकू यावीत म्हणून हळू आणि जोरकस भागांतलं अंतर कमी करत नेलं गेलं. जुनी गाणी पुन्हा निघाली तेव्हा त्यांच्यावरही हाच प्रयोग झाला. ज्या जागी गायिका कुजबुजायची आणि मग अचानक सगळा वाद्यवृंद कोसळायचा, तिथे आता दोन्ही सारख्याच उंचीवर येतं. शक्य तिथे पहिल्या सीडीची किंवा तबकडीची आवृत्ती मिळवा.

आणि चौथं कारण फार थोड्यांच्या लक्षात येतं: तुमच्या घरच्या यंत्राचा वेग. कॅसेट प्लेअर तीन टक्के जलद फिरत असेल तर सगळं गाणं जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतं. तुम्ही ते वर्षानुवर्षं तसंच ऐकलेलं असतं. आणि पट्टीची आठवण आपल्याला वाटते त्याहून पक्की असते. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली संगीत न शिकलेल्यांसकट विद्यार्थ्यांना आवडती दोन पॉप गाणी मनाने गायला सांगितली. जवळपास ४० टक्के जणांनी दोनपैकी एकदा तरी मूळ ध्वनिमुद्रणाचीच पट्टी नेमकी पकडली. तेव्हा 'हे गाणं जरा उतरलेलं वाटतंय' असं वाटलं तर आपल्या कानावर विश्वास ठेवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग एक-दोन टक्क्यांनी वाढवून ऐका. मी एका गाण्याला अडीच टक्के दिले आणि अंगावर सर्रकन काटा आला.

पडताळणीसाठी तीन गोष्टी बघा. लांबी: कॅसेटच्या कागदावर मिनिटं-सेकंद छापलेले असतील तर ते ताडून पाहा, दहा-पंधरा सेकंदांचा फरकही आवृत्ती वेगळी असल्याची खूण असू शकते. साल: अल्बमच्या तळाशी वर्तुळातल्या 'पी' अक्षरापुढे जे साल असतं ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं. गाणं १९७८ चं आणि तिथे १९९९ दिसलं तर सावध व्हा, मात्र कधीकधी नुसत्या मास्टरिंगमुळेही नवं साल येतं. तिसरी जागा डिस्कॉग्ज. २००० सालापासून चालणाऱ्या या संकेतस्थळावरच्या सूचीत एकाच अल्बमची वेगवेगळ्या देशांत निघालेली प्रत्येक आवृत्ती वेगळी नोंदवलेली असते, वेष्टनाच्या छायाचित्रासह. आपल्या हातातली कॅसेट तिथे ओळखू येते तेव्हा जुना वर्गमित्र भेटल्यासारखं होतं.

कॅसेटमधून संगणकात

घरी भरलेल्या कॅसेटमध्ये जे आहे ते जगात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून हे काम टाळू नका आणि घाईने करू नका. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या या कॅसेटची टेप चार मिलिमीटरहूनही अरुंद, आणि सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा जागेत दोन्ही बाजूंचं संगीत बसवलेलं असल्यामुळे जराशी धूळ किंवा हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, किंचित तिरकेपणाही लगेच ऐकू येतो, आणि सर्वांत आधी मरतात ते उंच स्वर: झांजा, 'स'कार, श्वास.

कॅसेट उजेडात धरून बघा. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, नाहीतर तीच बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. खालच्या उघड्या कडेला मधोमध बोटभर पत्तीवर बसवलेला नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज दबका, ये-जा करणारा येतो आणि माणसाला वाटतं टेपच खराब झाली. दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटचं कवच उघडून रीळ त्यात बसवली की काम होतं. कवच स्क्रूचं असेल तर सोपं, चिकटवलेलं असेल तर पातळ पात्याने सावकाश.

टेप तुटलेली असेल तर घरातली साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या थरांना चिकटतो. टेप जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते, ती हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा.

वरच्या कडेला दोन चौकोनी खुंट्या असतात. त्या शाबूत असतील तर आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. हे वाचून झाल्यावर करू असं म्हणू नका. माझा एक अख्खा तास असाच गेला आहे, आणि त्यात कोण काय बोलत होतं ते आता कुणालाच आठवत नाही.

मग वर्षानुवर्षं पडून असलेली टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे थर सुटे होतात आणि ताण सारखा होतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप फार पातळ असते, ती मशीनने भरभर फिरवण्यापेक्षा पेन्सिल घालून हाताने फिरवलेली बरी. हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काडीवर तपकिरी डाग येणं बंद होईपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

प्लेअर निवडताना बाहेरच्या दिसण्यापेक्षा वेग स्थिर आहे का ते बघा. बरीच वर्षं बंद असलेल्या मशीनचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि सूर डुलायला लागतो. लांबलचक धरलेला एक स्वर ऐका, तो थरथरला तर पट्टा बदलून घ्या.

जोडणी करताना प्लेअरच्या लाइन आउटमधून तार काढून संगणकाच्या लाइन इनमध्ये द्या. लॅपटॉपला लाइन इन बहुधा नसतं, तेव्हा यूएसबीने जोडायचा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करणं हा मार्ग नव्हे, त्यात खोलीचा घुमारा मिसळतो आणि तो नंतर काढता येत नाही.

सेटिंग सोपी आहे: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. १९८२ साली सीडी आली तेव्हापासूनचं हेच प्रमाण आहे आणि कॅसेटसाठी ते पुरून उरतं. तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आधी कॅसेटमधला सर्वांत जोरकस भाग वाजवा आणि पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. कॅसेटवर डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या पद्धतीचं, चिन्ह असेल तर प्लेअरवरही डॉल्बी चालू करा. नसेल तर बंद ठेवा, नाहीतर सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं येतं.

आता एक बाजू अखंड वाजू द्या. ४५ मिनिटांची बाजू भरायला ४५ मिनिटंच लागतात, याला आडवाट नाही. तेवढा वेळ जवळ बसा आणि ऐका.

मिळालेली फाइल तशीच, एकही काट न मारता, जपून ठेवा. गाणी सुटी करायची, खरखर कमी करायची, ते सगळं तिच्या नकलेवर. खरखर काढताना दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेचा नमुना द्यावा लागतो. पण हात आखडता घ्या. जास्त काढलं की गाणं पाण्याखाली वाजल्यासारखं बुडबुडायला लागतं. निवेदकाचं अर्धं वाक्य, मधेच उघडलेलं दार, बाजू संपताना तुटलेलं गाणं, हे कचरा समजून फेकू नका. कायमच्या साठवणीसाठी फ्लॅक हा प्रकार घ्या, त्यात आवाजातलं काहीही न गमावता फाइल बरीच लहान होते. एमपीथ्री फक्त फोनमध्ये न्यायला. आणि प्रती तीन: दोन वेगवेगळ्या साधनांवर, तिसरी दुसऱ्या घरी.

यादी लावताना

यादीला मर्यादा घाला, ९० मिनिटांची. ४५ आणि ४५. पाचशे गाण्यांची यादी कुणी ऐकत नाही. एका कॅसेटएवढी जागा आहे म्हटलं की निवड करावी लागते आणि निवडताना प्रत्येक गाण्याचा विचार होतो. उलटसुलट क्रमाने वाजवायची सोय आणि यादी संपल्यावर आपोआप पुढचं लावायची सोय, दोन्ही बंद करा. एक गाणं संपलं की मनात पुढच्याची पहिली सुरावट आपोआप वाजायला लागते, ती क्रमाची आठवण सांभाळा.

सर्वांत लाडकी वीसेक गाणी विकत घेऊन स्वतःच्या साठ्यात ठेवा. हक्कांचे करार बदलले की ॲपवरची गाणी एका रात्रीत नाहीशी होतात, किंवा त्यांच्या जागी दुसरीच आवृत्ती येऊन बसते.

किती ऐकावं

कमी. मी एक गाणं सापडल्याच्या आनंदात महिनाभर रोज, कामं उरकताना लावलं. आता ते लागलं की मला तो महिना आठवतो, पूर्वीचं काही दिसत नाही. गाण्याला नवी आठवण चिकटते आणि जुनीवर थर चढतो. तेव्हापासून सर्वांत जवळची पाच-सहा गाणी मी वर्षातून दोनदा-तीनदाच ऐकतो, दुसरं काही न करता.

रडू आलं तर येऊ द्या. नॉस्टॅल्जिया हा शब्दच १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका आजाराचं नाव म्हणून बनवला, घरी परतण्याला आणि वेदनेला असलेले दोन ग्रीक शब्द जोडून. आज त्याला कुणी आजार मानत नाही. तरीही गेलेल्या माणसाशी जोडलेली गाणी वेगळ्या यादीत ठेवा. प्रवासात, चारचौघांत ती अचानक लागू नयेत.

बँडबद्दल नको ते कळलं तर

शोधताना हे होणारच. बोनी एमच्या गाण्यांतला तो खर्जातला पुरुषी आवाज स्टुडिओत निर्माते फ्रँक फारियन यांचा होता, रंगमंचावर बॉबी फॅरेल नाचत असे. मिली व्हॅनिलीच्या दोघांनी आपल्या अल्बमवर गायलंच नव्हतं, म्हणून १९९० साली मिळालेला ग्रॅमी त्याच वर्षी काढून घेतला गेला. हे कळल्यावर लोक गाणं यादीतून काढून टाकतात. मी काढत नाही. खऱ्या गायकांची नावं शोधून वहीत त्या गाण्यापुढे लिहितो. त्यांचं ऋण आहे आपल्यावर.

बँड पुन्हा एकत्र आला तर त्याचं नवं काम नवं म्हणून ऐका. ॲबाने १९८१ नंतरचा नवा अल्बम थेट २०२१ साली काढला. त्यातले आवाज वय वाढलेल्या माणसांचे आहेत, आणि मला ते तसेच आवडले.

ज्याच्यासोबत ऐकलं त्याला ऐकवा

शेवटची पायरी, आणि ही पुढे ढकलू नका. फाइल तयार झाली की त्या काळच्या सोबत्याला पाठवा. तो ऐकेल तेव्हा शक्यतो समोर बसा, फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ती दोन-तीन मिनिटं गाण्याच्या शेजारीच साठवा. तारीख घाला, नाव घाला.

मी ती ९० मिनिटांची कॅसेट माझ्या मोठ्या भावाला ऐकवली. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तो खोकला त्याचा. गाणं संपत आलं, खोकला आला, आणि तो हसून म्हणाला, "अरे, तूच की तो. ताप होता तुला, तरी उठून बसला होतास." मला तापाचं काहीच आठवत नाही. फाइलच्या नोंदीत आता दोन्ही लिहून ठेवलं आहे: मला काय वाटत होतं ते, आणि त्याने काय सांगितलं ते.